बेसमेंटबद्दल एक ओळ लिहा

माननीय संचालक,
कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्र,
येलहंका, बेंगळुरू



ऊन तापायला लागलं की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी एक अमेरिकन पत्रक हमखास टाकतं. टोर्नेडो आला तर घरातल्या सगळ्यांना घेऊन बेसमेंटमध्ये उतरा, खिडक्यांपासून लांब राहा, डोक्यावर गादी धरा. ओक्लाहोमासारख्या ठिकाणी हा सल्ला अगदी योग्य आहे. बेंगळुरूच्या पावसात मात्र सगळ्यात आधी टाळायची जागा कुठली असेल तर बेसमेंटच. पत्रकाखाली लोक हात जोडलेल्या इमोजी टाकतात आणि पुढे पाठवतात. ते अडवण्याचं बळ सोसायटीच्या सेक्रेटरीत नाही, म्हणून तुम्हाला लिहितो आहे.

भारतात टोर्नेडो होतच नाहीत असं नाही. 1978 च्या मार्चमध्ये उत्तर दिल्लीत झाला, 2023 मध्ये पंजाबातल्या फाजिल्का जिल्ह्यात आणि 31 मार्च 2024 ला बंगालमधल्या जलपायगुडीत झाला. पण त्याचं खरं क्षेत्र उत्तरेकडची मैदानं आणि बंगाल-बांगलादेश. दख्खनच्या पठारावर आपल्या वाट्याला येतो तो वळीव, आणि त्याला कमी लेखण्यात आपण पटाईत आहोत. तापलेल्या दुपारी ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो. त्यातून सुटलेला पाऊस खालच्या कोरड्या हवेत अर्धवट विरतो, त्यामुळे हवा गार आणि जड होते, धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चौफेर पसरते. टोर्नेडोचा वारा गरगरतो, हा सरळ येतो. अशा वाऱ्यानंतर एखाद्या रस्त्यावरून फिरून पाहा, पडलेली झाडं बहुधा एकाच दिशेला आडवी झालेली दिसतात.

मुंबईत घाटकोपरचं होर्डिंग 13 मे 2024 ला अशाच वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर कोसळलं आणि 17 माणसं गेली. त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते तोच, 2 जूनला, बेंगळुरूत एका दिवसात 111.1 मिलिमीटर पाऊस झाला आणि 1891 पासूनचा जून महिन्याचा विक्रम मोडला. झाडं तर इतकी पडली की एम. जी. रोड आणि ट्रिनिटी स्टेशनांच्या मधे मेट्रोच्या मार्गावरही एक येऊन पडलं. गुलमोहर आणि पिचकारीची लाल फुलं बेंगळुरूची शान खरी, पण या झाडांचं लाकूड ठिसूळ, आणि बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतून आपण मुळांना जागाही ठेवलेली नाही.

तुमच्या केंद्राचं काम मी आदराने पाहत आलो आहे. 1988 साली दुष्काळावर लक्ष ठेवण्यासाठी सुरू झालेल्या एका कक्षाने ग्रामपंचायतीपर्यंत पर्जन्यमापक पोचवले, राजकालुव्यांत, म्हणजे पावसाच्या मोठ्या नाल्यांत, पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं बसवली, ‘बेंगळुरू मेघसंदेश’ हे अ‍ॅप काढलं. महाराष्ट्रातल्या मित्रांना मी हे कौतुकाने सांगतो. तक्रार एवढीच, की मोजमाप दारापर्यंत येतं आणि उंबऱ्याबाहेरच थांबतं. माझ्या फोनवर येणाऱ्या इशाऱ्यात मेघगर्जना असते, ताशी 40 ते 50 किलोमीटरचा वारा असतो, पिवळा नाहीतर नारिंगी रंग असतो. आता मी नेमकं काय करू नये, हे नसतं.

या शहरात पावसाने माणसं कशी गेली ते आठवून पाहा. 21 मे 2023 ला के. आर. सर्कलच्या अंडरपासमध्ये, विधानसौधापासून हाकेच्या अंतरावर, पाण्यात अडकलेल्या गाडीत बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी बुडाली. 19 मे 2025 ला बीटीएम लेआउटजवळच्या एन. एस. पाळ्यात बेसमेंटमधलं पाणी उपसायला पंप लावताना विजेचा धक्का बसून 63 वर्षांचे एक रहिवासी गेले. त्यांच्यासोबत बारा वर्षांचा एक मुलगाही गेला, तिथे काम करणाऱ्या माणसाचा.  ही दोघं गेली ती पाऊस ओसरल्यावर, आवराआवर करताना.

आमच्यासारख्या इमारतींत खाली काय असतं ते एकदा येऊन पाहा. रॅम्प उतरला की डावीकडे वीजमीटरांची रांग, तिला चिकटून वॉचमनची खोली. एक खाट, इंडक्शनची शेगडी, खिळ्याला लोंबणारं एक्स्टेन्शन, त्यावर दोन फोन चार्जिंगला. समोर पाण्याची जमिनीखालची टाकी, म्हणजे संप, आणि त्याचा पंप, कोपऱ्यात जनरेटर. पाणी आलं की ते इथेच येतं. वरून फोन येतो तोही याच माणसाला: ‘भैया, जरा मोटर चालू करो.’ आणि रहिवासी उतरतात ते गाडी काढायला. वीज गेली आहे म्हणून सगळे निर्धास्त असतात. जनरेटर आपोआप सुरू होतो, इन्व्हर्टर तर बंदच झालेला नसतो, हे त्या गडबडीत कुणाच्या ध्यानात येत नाही.

घरच्या तयारीबद्दलही तुम्ही चार शब्द सांगितलेत तर लोक ऐकतील. माझ्या मते यादी लांबवू नये. टॉर्च, पॉवर बँक, आठवड्याची औषधं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या घरातल्या 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर ‘टेस्ट’ नावाचं एक बटण असतं आणि ते अधूनमधून दाबून पाहायचं असतं, हे चांगल्या शिकलेल्या घरांतही माहीत नसतं. बटण दाबल्यावर वीज गेली नाही तर इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलवावं. गॅलरीच्या कठड्यावरच्या कुंड्या मार्च संपायच्या आत खाली उतरवाव्यात. पूर ओसरल्यावर संप उपसून, धुऊन घेतल्याशिवाय त्याचं पाणी तोंडात घेऊ नये, कारण गटाराचं आणि नळाने आलेलं कावेरीचं पाणी तिथे एक झालेलं असतं. विजांसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आहेच.

माझी मागणी लहान आहे. इशाऱ्याच्या संदेशात पावसाच्या आकड्याखाली असा मजकूर जोडा: बेसमेंटमध्ये उतरू नका, गाडी काढायलाही नाही. पाण्यात उभं राहून पंप किंवा स्विच हाताळू नका. भरलेल्या अंडरपासमध्ये गाडी घालू नका. झाडाखाली थांबू नका, तुटलेल्या तारेजवळ जाऊ नका.

आणि हा मजकूर कन्नड-इंग्रजीत थांबवू नका. बेसमेंटमध्ये राहणारा माणूस ओडिशाचा असतो, नेपाळचा असतो, बिहारचा, बंगालचा असतो. ऑक्टोबर 2023 मध्ये आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी म्हणून सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, तेव्हा त्याचाही किंचाळला होताच. म्हणजे तो पोचण्याच्या पलीकडे नाही, त्याला समजेल अशा भाषेत चार वाक्यं लिहायची आहेत. मराठी तर्जुमा आम्ही करून देऊ. बाकीच्या भाषांचीही माणसं या शहरात शोधावी लागणार नाहीत.

हाच मजकूर रॅम्पच्या तोंडाशी लावायच्या फलकासाठीही द्या. पत्रा, रंग, खिळे, सगळा खर्च आमचा. फक्त त्यावर तुमच्या केंद्राचं नाव आणि चिन्ह असू द्या. सेक्रेटरीने स्वतःच्या अक्षरात लिहिलेली पाटी आमच्याकडे कुणी मनावर घेत नाही, तिच्याखालीसुद्धा गाडी लावतात.

आपला,
बेंगळुरूतला एक मराठी सोसायटीकर