जबरदस्तीने बसवलेली आवृत्ती

नमपायची २.० ही आवृत्ती १६ जून २०२४ रोजी, रविवारी आली. पायथनमध्ये आकडेमोड करणाऱ्या बहुतेक प्रकल्पांच्या तळाशी हीच लायब्ररी असते. १.० निघाली होती २००६ साली, म्हणजे पहिला आकडा बदलायला अठरा वर्षं गेली. बदल येतोय हे नमपायवाल्यांनी बरंच आधी सांगून ठेवलं होतं. तरीही ज्यांच्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये आकड्याशिवाय नुसतं 'नमपाय' लिहिलेलं होतं, अशा कितीतरी जणांचे बिल्ड धडाधड पडले. कोडची एक ओळ कुणी बदललेली नव्हती. पण १.एक्सवर कंपाइल झालेलं मॉड्यूल २.०वर चालणार नाही, असा संदेश येत होता आणि तो खरा होता.

मग घाईघाईने '२ पेक्षा कमी' अशी अट घातली गेली. त्या दिवसापुरतं भागलं. पुढे एखाद्या दुसऱ्या लायब्ररीने नमपाय २च हवं असा हट्ट धरला की पिप हात वर करतं: 'रिझोल्यूशन इम्पॉसिबल'. पायथनच्या एका एन्व्हायर्नमेंटमध्ये एका पॅकेजची एकच आवृत्ती राहते. एका म्यानात दोन तलवारी नाहीत.

या नकारावर लोक चिडतात. मला तो आवडतो. नोव्हेंबर २०२०मध्ये २०.३ येईपर्यंत पिप एवढं काटेकोर नव्हतं. जी अट आधी दिसेल तिच्याप्रमाणे आवृत्ती बसवायचं, नंतरच्या अटीकडे काणाडोळा करायचं आणि फार तर शेवटी एक इशारा छापायचं. इन्स्टॉल 'यशस्वी', बोंब मात्र प्रॉडक्शनमध्ये.

जावावाल्यांना हे नवं नाही. मेव्हन अंतर मोजतं: डिपेन्डन्सीच्या ट्रीमध्ये तुमच्या प्रकल्पाला जी आवृत्ती सर्वांत जवळ, ती जिंकते, नवी की जुनी, हे बघितलं जात नाही. समजा, तुम्ही थेट घेतलेल्या एका लायब्ररीला गुआवाची जुनी आवृत्ती लागते आणि तीन पायऱ्या खालच्या दुसरीला नवी. बसते जुनी. कंपाइल सुरळीत, टेस्ट हिरव्या, आणि ग्राहकाने नेमकं ते बटण दाबलं की 'नो सच मेथड एरर'. डिपेन्डन्सी ट्री व्हर्बोज पर्यायासह छापली तर 'ओमिटेड फॉर कॉन्फ्लिक्ट' अशी नोंद तिथे निमूट बसलेली दिसते. पण छापतो कोण?

एनपीएमची तऱ्हा निराळी. एकाच पॅकेजच्या दोन प्रती ते खुशाल ठेवतं, पण पीअर डिपेन्डन्सी जुळल्या नाहीत तर सातव्या आवृत्तीपासून अडून बसतं. तेव्हा येणारा संदेश नीट वाचण्यासारखा आहे. मूळ भांडण आधी मिटवा, असं तो म्हणतो. नाहीतर 'फोर्स' किंवा 'लेगसी पीअर डेप्स' लावा, पण मग चुकीची, कदाचित मोडकी जुळणी पदरात पडेल. आपण वाचतो फक्त मधलं. एकाने घाईत लावलेला तो पर्याय कॉन्फिग फाइलमध्ये जातो, तिथून डॉकरफाइलमध्ये, आणि तो का लावला हे ठाऊक असलेला माणूस तोवर कंपनी सोडून गेलेला असतो.

अ‍ॅप्लिकेशनने आवृत्त्या घट्ट बांधाव्यात आणि लॉक फाइल गिटमध्ये ठेवावी, याबाबत माझ्या मनात शंका नाही. लायब्ररी लिहिणाऱ्याने मात्र अटी सैल ठेवाव्यात. त्याने उगाच वरची मर्यादा घातली की तिचा जाच वापरणाऱ्या प्रत्येकाला. आणि बांधलेलं अधूनमधून सोडायलाही हवं. डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजेला पडलेलं भगदाड उघडकीला आलं, तेव्हा २.१५, २.१६, २.१७ अशा दुरुस्त्या काही दिवसांच्या अंतराने आल्या. जे नव्या आवृत्तीच्या आसपास होते त्यांनी तीनदा आकडा बदलला, तीनदा टेस्ट चालवल्या. वर्षानुवर्षं एकाच जागी थांबलेल्यांना आधी मधल्या सगळ्या आवृत्त्यांशी झुंजावं लागलं, तेही वरून फोन वाजत असताना.

हे काम एस्टिमेटमध्ये कुठेच नसतं, म्हणून ते रात्री होतं आणि रात्री झालं की 'फोर्स' लावूनच होतं. टीम लीड मंडळींना विनंती एवढीच: पुढच्या स्प्रिंटमध्ये त्याला स्वतंत्र तिकीट द्या, आणि पहिलं काम म्हणून आपल्या रिपॉझिटरीत 'लेगसी पीअर डेप्स' कुठे कुठे लिहिलंय ते शोधून काढा.