डोळे चुरचुरतात म्हणून लाल दिव्याचा मास्क मागवताय? आधी हे समजून घ्या

देवळाली प्रवरा (ता. राहुरी) : मोबाईलवर रील बघता बघता मध्येच एक जाहिरात येते. एक बाई डोळ्यांवर लाल उजेडाचा मास्क लावून निवांत बसलेली असते. खाली लिहिलेलं असतं, डोळ्यांचा कोरडेपणा घरच्या घरी, रोज दहा मिनिटांत बरा. किंमत दीड-दोन हजारांपासून पुढे कितीही. घरपोच, पैसे पार्सल हातात आल्यावर. तुमच्या डोळ्यात आठ दिवसांपासून खडे टोचल्यासारखं होत असेल, तर बोट ऑर्डरच्या बटणावर जायला वेळ लागत नाही.

यात खरं किती आणि विक्रीची बोली किती, हे नीट बघायला हवं. कारण हा उपचार पूर्ण खोटा नाही. पूर्ण खोटा असता तर एका ओळीत विषय संपला असता.

आधी आजार समजून घेऊ. डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर कायम असतो. त्यात पाणी असतं, खाली चिकट पदार्थ असतो आणि सगळ्यात वर तेलाचा अगदी बारीक पापुद्रा. दुधावर साय धरली की खालचं दूध जसं झाकलं जातं, तसं हे तेल खालचं पाणी उडू देत नाही. तेल तयार करणाऱ्या ग्रंथी वरच्या-खालच्या पापणीच्या कडेला रांगेनं असतात, त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. या ग्रंथींची तोंडं बुजली, आतलं तेल तुपासारखं घट्ट झालं, की अश्रू भराभर उडतात आणि डोळा कोरडा पडतो. ड्राय आयच्या पेशंटमध्ये हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो. गंमत म्हणजे अशा माणसाच्या डोळ्यातून उलट पाणी वाहतं. डोळा कोरडा झाला की शरीर घाईघाईनं पाणी सोडतं, पण त्यात तेल नसल्यामुळे ते टिकत नाही. त्यामुळे 'माझ्या डोळ्यातून तर पाणी येतंय, मग कोरडा कसा' असं म्हणणारे बरेच जण कोरड्या डोळ्याचेच पेशंट असतात.

दुसऱ्या प्रकारात पाणीच कमी तयार होतं. आमवात असलेल्यांना, पाळी गेलेल्या बायकांना, ॲलर्जीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांना हा त्रास होऊ शकतो. मधुमेह असेल तरी डोळा कोरडा पडतो. आपल्याकडे वर चुलीचा धूर, मळणी यंत्राचा भुसा, नगर-मनमाड रस्त्याची धूळ आणि रात्री अकरापर्यंत मोबाईल, हे सगळं आहेच. मोबाईल बघताना माणूस पापणी कमी वेळा मिटतो, तीही अर्धवट. तेल पापणी मिटल्यावर दाबानं बाहेर येतं. मिटलीच नाही तर येणार कुठून?

आता उजेडाकडे येऊ. दवाखान्यातल्या या उपचाराचं नाव आयपीएल. क्रिकेटचं नव्हे, 'इंटेन्स पल्स्ड लाइट', म्हणजे जोरदार उजेडाचे क्षणभराचे झोत. हे यंत्र मुळात कातडीच्या डॉक्टरांचं. चेहरा लाल होण्याचा रोझेशिया नावाचा विकार त्यानं कमी करत. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ डॉ. रोलँडो टोयोस यांच्या लक्षात आलं, की चेहऱ्यावर हा उपचार घेतलेल्या लोकांच्या डोळ्यांची चुरचुरही कमी होतेय. तिथून अभ्यास सुरू झाला. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेनं ड्राय आयसाठी अशा एका यंत्राला पहिल्यांदा मान्यता दिली.

जाहिरातीत 'एफडीए मान्य' एवढे दोन शब्द येतात. त्या मान्यतेतल्या अटी मात्र येत नाहीत. हा उपचार फक्त तेलग्रंथींच्या बिघाडामुळे झालेल्या कोरडेपणासाठी आहे. वय २२ च्या पुढचं हवं. झोत पापणीवर नाही, तर गालावर आणि नाकावर द्यायचा, आणि त्या वेळी डोळे संरक्षक चष्म्यानं पूर्ण झाकलेले हवेत. तो एकटा उपचार नाही. ग्रंथी दाबून तेल काढणं, कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि गरम शेक यांच्या जोडीला द्यायचा आहे. म्हणजे हजारो रुपयांचं यंत्र असलं तरी शेक सुटलेला नाही.

आणखी एक अट आहे, ती आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. त्वचेचा रंग. डॉक्टर लोक त्वचेचे सहा प्रकार मानतात, एक म्हणजे सगळ्यात गोरी आणि सहा म्हणजे सगळ्यात काळी. वरची मान्यता एक ते चार प्रकारांनाच आहे. कारण सोपं आहे. काळ्या-सावळ्या कातडीत रंगद्रव्य जास्त, ते उजेड जास्त शोषतं, आणि भाजण्याचा, डाग पडण्याचा धोका वाढतो. उन्हात राबणाऱ्या आपल्या शेतकऱ्याची, मजुराची त्वचा पुष्कळदा पाचव्या प्रकारात जाते. परदेशातल्या गोऱ्या बाईचा व्हिडिओ बघून आपण आपल्या गालावर प्रयोग करायचा का, याचं उत्तर इथंच मिळतं.

शास्त्रज्ञांचंही यावर पूर्ण एकमत नाही. जगभरच्या चाचण्या तपासून निष्कर्ष काढणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०२० मध्ये आयपीएलचा आढावा घेतला, तेव्हा निकषात बसणाऱ्या चाचण्या तीनच निघाल्या. फायदा आहे की नाही हे खात्रीनं सांगायला पुरावा अपुरा आहे, असं त्यांनी लिहिलं. त्यानंतर काही चाचण्यांचे निकाल चांगले आले. एकूण चित्र असं की योग्य पेशंटला, शिकलेल्या हातानं, ठरावीक अंतरानं तीन-चार वेळा दिलं तर आराम पडू शकतो. त्यानंतरही काही महिन्यांनी पुन्हा जावं लागू शकतं.

घरी येणारं पार्सल यापैकी काहीच नसतं. ऑनलाइन साधारण दोन वस्तू मिळतात. पहिली, लाल एलईडीचा मास्क किंवा चष्मा. दवाखान्यात कमी ताकदीच्या लाल उजेडाचे मास्क वापरतात हे खरं, आणि छोट्या अभ्यासांत त्यांचा उपयोगही दिसला आहे. पण त्यातला काही भाग पापणीला मिळणाऱ्या उबेचा असू शकतो, आणि ऊब द्यायला एलईडी लागत नाही. शिवाय ऑनलाइन मास्कमध्ये उजेडाची ताकद किती, लांबी किती, डोळ्यापासून अंतर किती, हे खोक्यावर धड लिहिलेलंही नसतं.

दुसरी वस्तू जास्त धोक्याची. केस काढायचं घरगुती आयपीएल यंत्र. त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं की डोळ्यांच्या जवळ वापरू नका. तरी नाव एकच, म्हणून ते गालाला लावून बघावं असं कुणालाही वाटू शकतं. संरक्षक कवच नीट न लावता पापणीवर असे झोत दिल्यावर बुबुळामागचा रंगीत पडदा भाजल्याची, आतून सूज आल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. तीही जाणकार माणसाच्या हातून झालेली. बाहुलीचा आकार बिघडला तर तो परत जागेवर येत नाही.

लाल उजेडाबाबत चीनचा अनुभवही सांगायला हवा. तिथं लहान मुलांच्या चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून लाल उजेडात बघायची यंत्रं घरोघर गेली. ती वेगळ्या आजारासाठी होती आणि उजेड थेट डोळ्यात जायचा, तेव्हा तुलना सरळ नाही. पण २०२३ मध्ये एका बारा वर्षांच्या मुलीच्या डोळ्याचा पडदा अशा उपचारानं दुखावल्याचं प्रसिद्ध झालं, आणि त्याच वर्षी चीन सरकारनं ही यंत्रं सर्वाधिक जोखमीच्या वैद्यकीय उपकरणांच्या वर्गात टाकली. घरोघर आधी गेली, नियम नंतर आले.

आपल्याकडे नियम कागदावर आहेत. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत, आणि एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधाच्या कायद्याखाली आली. आजार बरा करतो असं सांगून विकलेल्या यंत्राला औषध नियंत्रक यंत्रणेचा परवाना लागतो आणि त्याचा नंबर लेबलवर असावा लागतो. पळवाट कुठं, तर तीच वस्तू 'सौंदर्य' किंवा 'आराम' म्हणून विकायची आणि आजाराचं बोलणं व्हिडिओवर सोडायचं. ज्याच्या खोक्यावर परवाना नंबर नाही, ते वैद्यकीय यंत्र नाही, एवढं धरून चाला. फसवणूक झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार सांगता येते. ऑर्डरचा स्क्रीनशॉट आणि जाहिरातीचा व्हिडिओ जपून ठेवा, तो पुढे गायब होतो.

पण पैसे गेले हे नुकसान लहान. मोठं नुकसान वेळेचं आहे, आणि आपल्या भागात त्याला ऊस कारणीभूत ठरतो.

तोडणीच्या हंगामात उसाची पात डोळ्याला लागणं रोजचंच. वाढं बांधताना, पाचट ओढताना, मोळी उचलताना पातीची धार बुबुळावर घासते. बारीक ओरखडा असतो, दिसतही नाही. पण पानावरची बुरशी त्यात शिरली की दोन-चार दिवसांत, कधी आठवड्यानं जखम वाढते. सुरुवातीची लक्षणं कोणती? चुरचुर, पाणी, उजेड सहन न होणं. म्हणजे कोरड्या डोळ्यासारखीच. इथं माणूस मास्क लावून दहा-दहा मिनिटं बसला, किंवा मेडिकलमधून 'डोळ्याचं ड्रॉप' मागून आणलं आणि त्यात डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड निघालं, तर बुरशीला रान मोकळं. दोन दिवस बरं वाटतं, लाली उतरते, आणि आतून बुबुळ पोखरत जातं. शेवटी डोळ्यात फूल पडतं, मग बुबुळ बदलण्याशिवाय इलाज राहत नाही.

फरक ओळखायची साधी खूण आहे. कोरडेपणा बहुतेक वेळा दोन्ही डोळ्यांना असतो, बरेच दिवस कमी-जास्त होत राहतो. एकाच डोळ्याला त्रास, काही लागल्याची आठवण, जोराचा ठणका, नजर अंधूक किंवा बुबुळावर पांढरा ठिपका, यातलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं. गुलाबजल, मध, अंगावरचं दूध काहीही घालायचं नाही. लोणीच्या प्रवरा रुग्णालयात आणि नगरच्या जिल्हा रुग्णालयात नेत्रविभाग आहे.

दोन्ही डोळ्यांची जुनी चुरचुर असेल तर घरी करायचा उपाय बिनखर्चाचा. स्वच्छ सुती फडकं गरम पाण्यात भिजवून पिळायचं, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, सोसेल एवढंच गरम. मिटलेल्या पापण्यांवर ठेवायचं. फडकं दोन मिनिटांत निवतं, म्हणून परत परत बुडवून पाच ते दहा मिनिटं शेक द्यायचा. लगेच स्वच्छ बोटानं वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, हलकेच चोळायची, म्हणजे विरघळलेलं तेल बाहेर येईल. दिवसातून एकदा-दोनदा, निदान महिनाभर. एक-दोन दिवसांत सोडून 'काही फरक नाही' म्हणणारेच जास्त. डोळा लाल होऊन ठणकत असेल तर शेक द्यायचा नाही. कृत्रिम अश्रूंचे थेंब डॉक्टरांना विचारून घ्या. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर टिकाऊ रसायन नसलेले मागा. शेतात साधा पारदर्शक गॉगल वापरला तर धूळही अडते आणि पातही.

नेत्रशिबिरं आपल्याकडे होतात, पण ती मोतीबिंदूभोवती फिरतात. चाळीस वर्षांची बाई चुरचुर सांगते, तिला 'मोतीबिंदू नाही' म्हणून परत पाठवलं जातं, आणि ती मोबाईलवर उपाय शोधते. वास्तविक कोरडेपणाची पहिली तपासणी म्हणजे खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी पाच मिनिटं अडकवून ती किती भिजली ते मोजणं. शिर्मर चाचणी म्हणतात तिला, शंभर वर्षांहून जुनी आहे. ग्रामीण रुग्णालयात, शिबिरात ही पट्टी ठेवायला मोठा निधी लागत नाही. नगरपालिका आणि कारखान्यांनी हंगामाआधी ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर गॉगल वाटायचे ठरवलं, तर तो खर्चही फार नाही. येत्या शिबिराच्या वेळी आयोजकांना एवढं विचारा : मोतीबिंदूशिवाय काय तपासणार?