दवण्याचा काढा आणि हिवताप



गेल्या पावसाळ्यात सोयाबीनवरची कीड पाहायला एका गावी गेलो होतो. ज्यांच्या शेतावर गेलो त्यांचा थोरला मुलगा घोंगडीत कुडकुडत पडलेला. दोन दिवसांचा ताप. चुलीवर काढा उकळत होता; चैत्रात जोतिबाहून आणून वाळवलेला दवणा. आजी म्हणाल्या, "साहेब, चीनच्या बाईनं ह्याच पाल्यानं हिवताप बरा केला, तिला नोबेल मिळालं. नातवानं मोबाईलवर दाखवलं."

आजींचे म्हणणे अर्धेच खरे होते. चीनमधली ती वनस्पती छिंगहाओ. आपला दवणा तिच्याच कुळातला, पण भाऊबंद म्हणजे तोच माणूस नव्हे. दवण्याची कीर्ती सुवासिक तेलासाठी. हिवतापावरचे आर्टेमिसिनीन हे द्रव्य छिंगहाओच्या पानांत असते.

ते सापडले त्याची कथा ऐकण्याजोगी आहे. व्हिएतनाम युद्धात सैनिक हिवतापाने बेजार झाले, म्हणून चीनने १९६७ साली औषधाचा शोध हाती घेतला. १९६९ पासून पेकिंगच्या संशोधक तू यूयू यांनी जुन्या वैद्यकग्रंथांतील शेकडो पाककृती तपासल्या. छिंगहाओचा अर्क कधी गुण देई, कधी देत नसे. मग चौथ्या शतकातील को होंग या वैद्याच्या ग्रंथात त्यांना आढळले की पाला पाण्यात भिजवून, पिळून, तो रस प्यायचा. उकळण्याचा उल्लेखच नाही! उष्णतेने गुण नष्ट होत असावा, असे त्यांच्या ध्यानी आले. ईथर कमी उष्णतेला उकळते. ते वापरून त्यांनी अर्क काढला आणि १९७१ च्या ऑक्टोबरात तो उंदरांच्या हिवतापावर शंभर टक्के लागू पडला. माणसांना देण्याआधी त्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. नोबेल मिळाले २०१५ साली.

म्हणजे आजी उकळत होत्या तो पाला निराळा आणि कृतीही उलटी. पण खरा छिंगहाओ आणून थंड पाण्यात भिजवला तरी भागत नाही. वाळल्या पानात हे द्रव्य जेमतेम एक टक्का, बहुधा त्याहूनही कमी, आणि ते पाण्यात फारसे उतरत नाही. अपुरी मात्रा पोटात गेली की ताप थोडा उतरतो, जंतू मात्र शिल्लक राहतात आणि औषधाला सरावतात. शिवाय हे द्रव्य काही तासांतच शरीरातून निघून जाते. म्हणून त्याच्या गोळ्या नेहमी दुसऱ्या औषधाच्या जोडीने देतात, आणि तीन दिवस पुऱ्या घ्यायच्या असतात.

मी आशाताईंना बोलावणे धाडले. बोट टोचून तपासले तर फाल्सिपेरम निघाला, म्हणजे मेंदूवर जाऊ शकणारा हिवताप. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळाल्या. पुढल्या आठवड्यात पोरगा बांधावर हिंडत होता.

निघताना त्याच्या वडिलांनी विचारलेच, "साहेब, हे पीक लावलं तर?" लावता येते. लखनौच्या सीमॅप संस्थेने 'जीवनरक्षा' आणि 'सिम-आरोग्य' ही वाणे काढली आहेत. पण हा पाला आठवडी बाजारात कोणी घेत नाही. अर्क काढणाऱ्या कारखान्याशी लेखी करार हाती येईपर्यंत बियाणे आणू नका. २००४-०५ साली आर्टेमिसिनीनचे भाव असे चढले की बरेच लोक लागवडीमागे धावले. २००७ पर्यंत ते पार कोसळले होते.