कुलूप आमचे, किल्ली कोणाची?



‘ओटीपी कोणाला सांगू नका’ हा उपदेश आजकाल सकाळ-संध्याकाळ आपल्या कानांवर आदळत आहे. उपदेश वाईट नाही, तो पाळावाच. परंतु त्याच्या आडून एक कुटिल युक्तिवाद आपल्या गळी उतरविला जात आहे, त्याचा समाचार घेणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. तो युक्तिवाद असा की, इंटरनेटवर जो लुबाडला जातो तो स्वतःच्या अज्ञानाने लुबाडला जातो. सबब दोष त्याचा आणि नुकसानही त्याचेच. चाकणला रात्रपाळी करणारा कंत्राटी कामगार, पिंपरीच्या वस्तीतील मोलकरीण, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारा तिचा मुलगा, हे सारे अडाणी. आणि आपली माहिती साठविणाऱ्या कंपन्या व कचेऱ्या तेवढ्या शहाण्या!

हे खरे आहे काय? पुरावाच पाहू या.

11 आणि 13 ऑगस्ट 2018 या दोन दिवसांत पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये लुटले गेले. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत खोटी यंत्रणा घुसविली. पैसे काढण्याच्या मागण्या तीच मंजूर करीत गेली. 28 देशांतील एटीएममधून रकमा निघाल्या आणि काही कोटी हाँगकाँगच्या खात्यात गेले. यासाठी कोणत्या खातेदाराचा ओटीपी लागला? एकाचाही नाही.

26 फेब्रुवारी 2021 रोजी तर घाला आपल्या दाराशीच आला. पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाचे निगडी येथील 27 सर्व्हर खंडणीखोरांनी कुलूपबंद केले व ते उघडण्यासाठी बिटकॉईनमध्ये खंडणी मागितली. नुकसानीचा अंदाज 5 कोटी रुपयांचा होता. काम टेक महिंद्रासारख्या मातबर कंपनीकडे होते. येथे कोणाचे अज्ञान आडवे आले? मोलकरणीचे?

यावर कोणी म्हणेल, सारा कारभार जागतिक कंपन्यांच्या हवाली करा, म्हणजे चोराची भीती नको. चोराची भीती कदाचित कमी होईल. पण मालकाच्या भीतीचे काय? जुलै 2025 मध्ये युरोपीय संघाने मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेलकंपनीवर निर्बंध घातले. भारतीय कायद्याने तिच्यावर कोणतीही बंदी नव्हती. तरीही मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा बंद केल्या. आपण पैसे पूर्ण भरले आहेत, असे सांगत नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. नायराजवळ वकिलांची फौज होती. उद्या तुमचे रेशन, तुमचा भविष्यनिर्वाह निधी, तुमच्या मुलाचा जातीचा दाखला असा अडकला, तर तुम्ही कोणत्या न्यायालयात आणि कोणाच्या पैशाने जाणार?

त्याच वर्षी सप्टेंबरात टाटा समूहाच्या जग्वार लँड रोव्हरचे इंग्लंडमधील कारखाने संगणकांवरील हल्ल्यामुळे कित्येक आठवडे बंद राहिले आणि सुटे भाग पुरविणाऱ्या लहान कारखान्यांच्या पोटावर पाय आला. चाकण व भोसरीचे असंख्य लहान कारखाने असेच सुटे भाग पुरवून जगतात. अशी वेळ येथे आली, तर पहिले नाव कोणाचे कटेल? कंत्राटी कामगाराचे!

मग कायदा काय करतो? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितले. त्यानंतर 2023 साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. त्यात हयगय करणाऱ्या संस्थेला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण तो दंड जमा होणार सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती चोरीला गेली, त्याला या कायद्याने एका पैचीही भरपाई नाही. इतकेच नव्हे, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या 43अ कलमाने भरपाई मागता येते, तेच वगळण्याची तरतूद या कायद्यात आहे! उलट खोटी तक्रार केल्यास नागरिकाला मात्र 10,000 रुपयांपर्यंत दंड. नुकसान गरिबाचे, दंड सरकारचा आणि उपदेश पुन्हा गरिबालाच! हा न्याय नव्हे, न्यायाचे सोंग आहे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. नागरिकांची माहिती कंपनीच्या हाती देणारा प्रत्येक करार महापालिकेने जनतेपुढे ठेवावा. कंपनी बदलली तरी माहिती व तिची किल्ली महापालिकेच्याच ताब्यात राहील, अशी अट त्यात असावी. घाला पडताच बाधितांना कळविले जावे. आणि भरपाईचा हक्क कायद्यात परत यावा.

तोवर हातावर हात ठेवून बसू नका. पैसे गेल्यास लाजून गप्प राहू नका. त्याच घटकेस 1930 या क्रमांकावर कळवा, बँकेला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ग्राहकाची चूक नसताना तिऱ्हाइताकडून पैसे गेले आणि त्याने कामकाजाच्या 3 दिवसांत कळविले, तर त्याच्यावर कसलाही भार टाकू नये, असा दंडक रिझर्व्ह बँकेने 2017 सालीच घातला. स्मार्ट सिटीच्या करारांच्या प्रती माहिती अधिकारात मागा. एकट्याचा अर्ज टोपलीत जातो. वस्तीतील 50 कुटुंबांनी मिळून पाठपुरावा केला, तर उत्तर द्यावेच लागते.

फसविला गेलेला माणूस अपराधी नसतो. आपल्या घराची किल्ली कोणाच्या खिशात आहे, हे विचारण्याचा आपणांस पूर्ण हक्क आहे. आणि तो आपण बजावलाच पाहिजे.