शीळकरी कस्तूर आणि आपण

पक्षी हा प्राणिशास्त्राचा विषय, त्याच्याशी आपल्या कलाशाखेला काय कर्तव्य, असे कोणी विचारले तर मी शीळकरी कस्तुराकडे बोट दाखवीन.

हा पक्षी आपल्या सोलापूरच्या कोरड्या माळावर राहात नाही. त्याचे घर सह्याद्रीत. आंबोली, महाबळेश्वरसारख्या ठिकाणी, दाट झाडीतल्या ओढ्याकाठी. सावलीत तो नुसता काळा दिसतो. उन्हाची तिरीप पडली की कपाळावरची आणि खांद्यांवरची निळाई झळाळून उठते. पण त्याचे खरे वैभव गळ्यात! पावसाळ्यात उजाडण्यापूर्वीच तो शीळ घालू लागतो. सूर चढतो, उतरतो, मध्येच रेंगाळतो. एखादा माणूसच रमतगमत चालला आहे असे वाटते. इंग्रजांनी म्हणूनच त्याला 'शीळ घालणारा शाळकरी पोर' म्हटले.

शास्त्रज्ञ त्याला पूर्वी थ्रश पक्ष्यांच्या कुळात धरीत. आता तो माशीमार पक्ष्यांच्या कुळात गेला आहे. वर्गीकरण असे बदलते. परंतु 'शीळकरी' हे नाव कानांनी ऐकून ठेवलेले आहे. ते खोटे ठरत नाही. नाव ठेवणे हे भाषेचे काम आहे, आणि भाषा हा तर आपला विषय!

तरीही आपल्या कथा-कवितांत कोकिळा, मोर, चातक संपले की उरतो तो 'कुठलासा पक्षी'. १९३२ साली सोलापुरात जन्मलेल्या मारुती चितमपल्लींनी वनखात्यात नोकरी करता करता रानातले शब्द वेचले, मराठीला 'पक्षिकोश' दिला. २००६ साली याच शहरात भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांच्या गावच्या विद्यार्थ्यांनी 'कुठलासा पक्षी' लिहावे, हे मला शोभादायक वाटत नाही.

नावे पाठ करून नोकरी मिळते काय, असे कोणी म्हणेल. नाही मिळत. पण नान्नजच्या माळढोकाचे दर्शन आज दुर्मिळ झाले, याची हळहळ त्याला कधी न पाहिलेल्यांनाही वाटते. कारण ते नाव आपल्या ओठांवर आहे. बिननावाचे पाखरू नाहीसे झाले तर कोणाला चुकल्यासारखे वाटणार?

म्हणून माझी सूचना साधी आहे. सुट्टीत गावी गेल्यावर प्रत्येकाने धनगरांना, शेतकऱ्यांना विचारून पाखरांची दहा नावे लिहून आणावीत. पुढील अंकात त्यांना चार पाने द्यावीत. मराठीच्या प्राध्यापकांनी हे मनावर घ्यावे, ही विनंती.