कपाटातली भुरी

परवा शनिवारी सकाळी आईने कपाट उघडलं आणि काही बोललीच नाही. आई काही बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर! तिच्या लग्नातला शालू. पंचवटीतल्या वाड्यात, पत्र्याच्या ट्रंकेत मलमलमध्ये गुंडाळून चाळीसेक वर्षं सुखाने राहिला. माझ्या फ्लॅटमधल्या सनमायकाच्या कपाटात मात्र दोनच पावसाळ्यांत घडीघडीवर करडे-हिरवे ठिपके.

मग सगळे करतात तेच आम्हीही केलं. ब्लीचने पुसलं, डांबराच्या गोळ्या टाकल्या. आठ दिवसांत ठिपके परत हजर. साहजिकच आहे म्हणा. डांबराच्या गोळ्या कसर लागू नये म्हणून असतात, ओल त्या शोषत नाहीत. आणि ब्लीच वरवर पुसतं, त्यातलं पाणी प्लायवूड आरामात पिऊन टाकतं. म्हणजे एरर मेसेज लपवायचा आणि बग तसाच ठेवायचा. (ऑफिसात कुणी असं केलं तर मीच बोंबलतो!)

रविवारी मामा आला. त्याची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. त्याने कपाटात आतपर्यंत हात घातला आणि म्हणाला, "अरे, भिंत गार लागतेय. आमच्याकडे डाऊनी आली की नुसती औषधं मारून भागत नाही. फेलफुटी काढाव्या लागतात, पानांत हवा खेळली पाहिजे." मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण १८८० च्या दशकापासून जगभर वापरात आहे, तरी बागाईतदार आधी पान किती तास ओलं राहिलं ते बघतो. (डाऊनीला शास्त्रज्ञ आता खरी बुरशी मानत नाहीत, पण ओलीची आवड दोघींना सारखीच.)

आणि आपण? 'नाशकात कुठे इगतपुरीएवढा पाऊस पडतो' म्हणून निवांत. बुरशी पाऊस मोजत नाही हो, तिला फक्त ओलसर जागा आणि कोंडलेली हवा लागते. घरातली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवा आणि भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवा, असं अमेरिकेची ईपीए सांगते. आम्ही जुलैत अर्धवट वाळलेल्या जीन्स घडी करून आत कोंबत होतो!

पण माझा खरा राग त्या 'एक इंचही वाया नको'वाल्या इंटिरियरवर आहे. पश्चिमेची बाहेरची भिंत, तिच्यावर पावसाचा थेट मारा, आणि तिलाच चिकटवून जमिनीपासून छतापर्यंत बंद पेटी. तो एक इंच वाया जात नसतो, तिथून हवा जाते. अर्थात डिझाइन पाहून 'वा, काय फिनिशिंग!' म्हणणारा मीच होतो. असो.

सुताराला बोलावून मागची फळी काढली. भिंत चक्क ओली. बाहेरच्या प्लास्टरला केसाएवढी चीर पडली आहे. आता ती सोसायटीने बुजवायची की मी, यावर पुढच्या मीटिंगमध्ये महाभारत होणार. तोवर दारांना जाळी बसवली आहे आणि कपाट अर्धं रिकामं ठेवलं आहे.

ड्रायक्लीनरने शालूवर बराच जीव काढला, पण पदराचे डाग गेले नाहीत. आईने माळ्यावरची जुनी ट्रंक खाली काढली, दिवसभर उन्हात ठेवली, शालू पुन्हा मलमलमध्ये गुंडाळला आणि ट्रंक माझ्याच पलंगाखाली सरकवली. "याला हात लावू नकोस," एवढंच म्हणाली.