ऑक्सिजन मोजला, मनाचे विचारायचे राहिले

मार्च २०२० मध्ये कोणालाही फोन लावला की आधी खोकल्याचा आवाज यायचा आणि मग कोरोनाची सूचना. बहुतेकांना त्याची चार दिवसांत सवय झाली. ज्यांना वर्षानुवर्षे खोकला आहे त्यांचे तसे झाले नाही. किराणा दुकानात एकदा खोकले की रांग दोन पावले मागे सरकायची. "हा माझा जुना खोकला आहे हो," असे प्रत्येकाला सांगत बसण्यापेक्षा घरात राहिलेले बरे, असे अनेकांनी ठरवले. त्यातले काही जण अजूनही पूर्वीसारखे बाहेर पडत नाहीत.

हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. फुफ्फुसाच्या जुन्या आजारात मनाची तपासणी हा उपचाराचाच भाग आहे. महामारीच्या काळात आपण ऑक्सिजन मोजला, ताप मोजला, पण मनाचे विचारले नाही. त्याची किंमत या रुग्णांनी मोजली.

हे रुग्ण कोण?

सीओपीडी, दमा, फुफ्फुसे कडक होण्याचा आजार, जुन्या टीबीनंतर राहिलेली धाप, हे सगळे यात आले. २०१६ च्या अंदाजानुसार भारतात साडेपाच कोटी लोकांना सीओपीडी होता. हा फक्त बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार आहे, असा समज आहे. पण आपल्याकडे आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या, कधीही बिडी न ओढलेल्या बायकांनाही तो होतो. धूळ-धुराच्या ठिकाणी वर्षानुवर्षे काम केलेल्या कामगारांनाही होतो.

चिकलठाण्यात काय घडले?

२०२० मध्ये चिकलठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय कोविडसाठी वापरात आले. त्याच वर्षी जूनमध्ये एमआयडीसीतील मेल्ट्रॉनच्या इमारतीत महापालिकेचे कोविड रुग्णालय सुरू झाले. हे आवश्यकच होते आणि त्यातून असंख्य लोक बरे होऊन घरी गेले. पण धापेच्या रुग्णाच्या बाजूने पाहा. जिथे दम लागला की धाव घ्यायची, तीच जागा आता सर्वांत भीतीची झाली. म्हणून तपासणी लांबली, फुफ्फुसाची फुंकून करायची चाचणी लांबली. "स्टेरॉईडने प्रतिकारशक्ती कमी होते" असे ऐकून काहींनी रोजचा पंप बंद केला. खरे तर नेमून दिलेला पंप मनाने बंद करू नये, हाच तेव्हाही सल्ला होता.

घरात वेगळाच पेच होता. कंपन्या सुरू झाल्या आणि मुलगा पाळीवर जाऊ लागला. घर दोन खोल्यांचे. तो घरी आला की वडिलांना वाटायचे, याच्यामुळे मला होईल. मुलाला वाटायचे, माझ्यामुळे बाबांना काही झाले तर? दोघेही बोलायचे नाहीत. नातवंडांना लांब ठेवले, ताट वेगळे केले. सगळे काळजीपोटीच, पण त्या माणसाला आपण घरात अडचण झालो आहोत, असे वाटू लागले.

मग २०२१ ची दुसरी लाट आली. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले. टीव्हीवर दिवसभर तेच. ज्याच्या उशाशी ऑक्सिजनचे मशीन आहे, त्याने ती बातमी कशी ऐकली असेल? वीज गेली तर काय, हा प्रश्न त्याच्या रोजच्या झोपेत शिरला.

भीतीने दम खरोखर वाढतो

"सगळे मनाचे खेळ आहेत" हे वाक्य मला अजिबात पटत नाही. भीती वाटली की श्वास जलद आणि उथळ होतो. निरोगी माणसाला त्याने फारसा फरक पडत नाही. पण ज्याच्या श्वासनलिका अरुंद झाल्या आहेत, त्याला हवा बाहेर सोडायला जास्त वेळ लागतो. श्वास जलद झाला की जुनी हवा पूर्ण निघण्याआधीच नवीन आत येते. हवा छातीत साठत जाते. पुढच्या श्वासाला जागाच उरत नाही. जीव आणखी घाबरतो, श्वास आणखी जलद होतो. ही धाप खरी असते.

दुसरे चक्र सावकाश चालते. दम लागेल म्हणून माणूस चालायचे सोडतो. पायांचे स्नायू कमजोर होतात. मग तेवढ्याच चालण्याला आधीपेक्षा जास्त दम लागतो. "आजार वाढला" असे वाटून तो आणखी बसून राहतो. लॉकडाउनमध्ये हे चक्र घरोघरी सुरू झाले आणि लॉकडाउन उठल्यावर ते आपोआप थांबले नाही.

९४ चा आकडा

"ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर दवाखान्यात जा," ही सूचना सर्वसामान्यांसाठी योग्य होती. पण गंभीर सीओपीडीच्या काही रुग्णांचा ऑक्सिजन एरवीही ९० ते ९२ असतो. शरीरात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्यांना तर आम्ही ८८ ते ९२ हेच लक्ष्य ठेवून ऑक्सिजन देतो. अशा माणसाने दर अर्ध्या तासाने बोटाला ऑक्सिमीटर लावला तर दिवसभर घाबरण्याशिवाय त्याच्या हाती काय लागणार? बोट थंड असले, नेलपॉलिश असले तरी आकडा चुकतो.

म्हणून तुमचा स्वतःचा आकडा ठरवून घ्या. बरे वाटत असलेल्या दिवशी, पाच मिनिटे शांत बसून मोजा. असे काही दिवस लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. मग दिवसातून किती वेळा मोजायचे आणि किती आकड्याला यायचे, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या.

धाप लागली तर आधी हे करा

• खुर्चीत बसून थोडे पुढे वाका, कोपरे गुडघ्यांवर किंवा टेबलावर टेका.
• नाकातून श्वास घ्या. गरम चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून सावकाश सोडा. घ्यायला दोन आकडे, सोडायला चार.
• पंखा चेहऱ्यावर येऊ द्या.
• तातडीचा पंप सांगितल्याप्रमाणे घ्या. त्याने काही काळ हात थरथरतात, छातीत धडधडते. तेवढ्यावरून आणखी घाबरू नका, आणि पंप पुन्हा पुन्हाही घेऊ नका.

पुढील लक्षणे दिसली तर हे भीतीमुळे असेल असे समजून थांबू नका. १०८ ला फोन करा: एक वाक्यही पूर्ण बोलता न येणे, ओठ-नखे निळसर पडणे, गुंगी किंवा बरळणे, छातीत दुखणे, पंपाने आराम न पडणे, ऑक्सिजन नेहमीच्या आकड्यापेक्षा बराच खाली जाणे.

झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून आणलेली झोपेची गोळी घेऊ नका. तीव्र सीओपीडीत काही गोळ्यांनी श्वासच मंदावतो. नैराश्यावर या रुग्णांना चालणारी औषधे आहेत, ती डॉक्टर ठरवतील.

दोन प्रश्न

जगभर वापरले जाणारे दोन साधे प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही, असे बरेच दिवस झाले का? उदास, निराश वाटले का? दोन्ही विचारायला एक मिनिटही लागत नाही. एकाचेही उत्तर "हो" असेल तर पुढची तपासणी करावी. जगणे नकोसे वाटते, असे कोणी बोलून दाखवले तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी.

सप्टेंबर २०२० मध्ये "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहिमेत कर्मचारी घरोघरी गेले, ताप आणि ऑक्सिजन मोजला, जोडआजारांची नोंद केली. एवढी यंत्रणा दारापर्यंत पोहोचू शकते, हे आपण पाहिले आहे. पुढच्या साथीत दमा-सीओपीडीची नोंद असलेल्या घरी हे दोन प्रश्नही विचारले जावेत, असे माझे ठाम मत आहे. आणि त्यासाठी साथीची वाट पाहायचे कारण नाही. प्रत्येक फेरतपासणीत पंप नीट घेता का, हे आम्ही विचारतोच. त्याला जोडून हेही विचारता येते.

डॉक्टरांनी विचारले नाही तर तुम्ही सांगा. "डॉक्टर, दमाबरोबर भीतीही वाटते," एवढे वाक्य पुरे. घाटीत मानसोपचार विभाग आहे. शासनाची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीत बोलते.

घरच्यांना एक विनंती. "टेन्शन घेऊ नका" हा उपचार नाही. त्यापेक्षा चप्पल घाला आणि बाबांना किंवा आईला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत चालून या. त्यांच्या चालीने चाला, दम लागला की थांबा, पुन्हा निघा. उद्या त्याच्या पुढच्या खांबापर्यंत जा.